गोठ्यातला पिझ्झा

किस्से गोळा करायला कुठे लांब जावं लागत नाही. माणसांना एका जागी बसवा, समोर रिकामं टेबल ठेवा आणि बराच वेळ खायला काही देऊ नका, किस्से आपोआप तयार होतात! किहीमकडे जाताना आमच्या आळीच्या तोंडाशी पिझ्झाचं दुकान आहे, तिथे नेमकं हेच चालतं. मातीची भट्टी, एका वेळी दोनच पिझ्झे. घाई असेल त्याने वडापाव खावा, असं मालकीणबाई तोंडावर सांगतात.

मालकीणबाई म्हणजे वासंती. तिचा नवरा दिनेश मुंबईच्या एका हॉटेलात पिझ्झा करायला शिकला आणि गावी परत आला. बैल विकले, गोठ्याला फरशी घातली, टेबलं मांडली. बोर्डावर कसलंसं इंग्रजी नाव आहे, पण सगळं गाव "गोठ्यात जाऊन येतो" असंच म्हणतं आणि पोराबाळांना घेऊन जातं.

एकच माणूस आत येत नाही. दिनेशचे वडील, नाना. ते फाटकाशी स्टूल टाकून बसतात. "नाना, गरम आहे, या ना!" वासंती रोज हाक मारते. "व्हईल, व्हईल," म्हणत नाना रस्त्याकडे बघतात. जन्मभर भातशेती केलेला माणूस, गोठा मोडला म्हणून रुसलाय, असं दिनेशचं मत. वासंतीने मात्र ते फार मनाला लावून घेतलंय. "सगळं गाव खाऊन गेलं ताई, पण घरचा मोठा माणूस एक घास खात नाही. मग काय उपयोग?" असं ती मला म्हणाली होती.

*

भट्टी पहिल्यांदा पेटली तेव्हा पहिला पिझ्झा ग्रामदेवतेला. त्याशिवाय आमच्याकडे काही सुरू होत नाही. देवळातले गुरव ताटाकडे बघत राहिले. "चीज चालतं का देवीला?"

"दुधाचंच असतं की!" वासंती म्हणाली.

"आणि लसूण?"

लसूण वासंतीने आधीच काढला होता. मग रीतसर नैवेद्य दाखवला, गुरवांनी सुरीने बारीक तुकडे केले आणि लोक रांगेत उभे राहिले. सगळे अगदी भक्तिभावाने प्रसाद घेत होते. तेवढ्यात समोरच्यांची चिमुरडी हात पुढे करून म्हणाली, "काका, प्रसादावर चिली फ्लेक्स नाहीत?"

*

आमच्या शेजारच्या भिकीकाकू पहिल्यांदा आल्या तेव्हा पिझ्झा समोर ठेवून दहा मिनिटं नुसत्या बसल्या. वासंती धावत आली. "काकू, आवडलं नाही का?"

"आवडाया खाल्लंय कुठं? कालवन येऊ दे की आधी!"

कोरडी भाकर कुणी कशी खाईल? वासंती मुकाट्याने घरात गेली आणि सकाळचं कोलंबीचं कालवण वाटीत घेऊन आली. काकूंनी ते बुडवून बुडवून खाल्लं. पुढच्या रविवारी आणखी तीन टेबलांनी कालवण मागितलं! आता प्रत्येक पिझ्झ्याबरोबर वाटी येतेच. आमच्या ह्यांनी आधी नाक मुरडलं होतं. हल्ली पिझ्झा उरतो आणि वाटी दोनदा भरून घेतात.

*

एकदा इथे मुलगी बघायचा कार्यक्रम झाला. मुलगा पेणचा, मुलगी इथलीच. घरी पोहे खाण्यापेक्षा हे मॉडर्न, असं मुलाच्या आईचं म्हणणं. मुलगा बोलायला छान, नोकरी छान, दोन्हीकडचे खूश. दुसऱ्या दिवशी मुलीच्या बापाने नकार कळवला.

का? तर मुलाने पिझ्झ्याच्या सगळ्या कडा ताटात ठेवल्या होत्या. "पोरगा चांगला हाय," बाप म्हणाला, "पन अन्न टाकतो."

मला हा माणूस फार आवडला. वासंतीने दिनेशला झापलं ते वेगळंच. तेव्हापासून दिनेश कडा अगदी पातळ लाटतो. आपल्यामुळे कुणाचं लग्न मोडायला नको, म्हणतो.

*

आमच्या आळीतल्या सुमनताईंचा मुलगा बोटीवर नोकरीला असतो. त्याच्या वाढदिवसाला त्या एकट्याच आल्या, फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केला आणि व्हिडिओ कॉल लावला. एक तुकडा आपल्या ताटलीत, एक फोनसमोर. "आई, तू खा ना," तो सांगत होता, आणि मध्येच नेट गेलं.

त्या तशाच बसून राहिल्या. आम्ही सगळेच हळू आवाजात बोलायला लागलो. बऱ्याच वेळाने पुन्हा फोन वाजला. "खाल्लंस का गं? गार झालं असेल आता!"

"नाही रे," त्या म्हणाल्या, "तुझं झाकून ठेवलंय."

दिनेश भट्टीकडे तोंड करून बराच वेळ लाकडं सारत होता.

*

मागच्या हिवाळ्यात मुंबईची एक मोठी गाडी आली. उतरताना साहेबांनी नानांना सांगितलं, "काका, गाडीकडे लक्ष ठेवा हां." नानांना वॉचमन समजले! नाना उठले, गाडीजवळ गेले आणि त्यांचं खाणं होईपर्यंत खरंच उन्हात उभे राहिले. वर ते निघताना विचारलं, "जेवलाव ना पोटभर?"

वासंतीच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुम्ही कशाला उभे राहिलात? तुम्ही मालक आहात इथले!"

"मंग? पावन्यांची गाडी कोन बघनार?" नाना म्हणाले आणि स्टुलावर जाऊन बसले. हे टोमणे आहेत, असं वासंतीला वाटलं. मलाही वाटलं.

*

या श्रावणातला एक रविवार. बंदरात वादळाचा बावटा लागलेला, मुंबईच्या बोटी बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. वासंतीने सवयीने भट्टी पेटवलेली, पीठ मळून तयार आणि गिऱ्हाईक म्हणजे फक्त आम्ही दोघं. दिनेश घरात जाऊन पडला होता. वासंती हिरमुसून गल्ल्यापाशी बसली होती.

आम्ही खाऊन हात धुतले. तेवढ्यात नाना दारात आले.

"जेवलाव ना?" त्यांनी आम्हाला विचारलं.

"हो नाना, झालं आमचं."

"आनि कोन यायचं हाय?" हे वासंतीला.

"कोण येतंय आज?" ती वैतागून म्हणाली. "सगळा दिवस फुकट गेला."

नानांनी चपला दाराबाहेर काढल्या. पन्हळीच्या पाण्याखाली पाय धुतले, पंच्याला हात पुसले आणि आत येऊन सावकाश मधल्या टेबलाशी बसले. वासंती उठून उभीच राहिली. मग त्यांनी शेजारची खुर्ची ओढून तिच्यासाठी सरकवली.

"दिनेशला हाक मार," नाना म्हणाले. "पावनं जेवलं समदं. आता घरची मानसं बसू."