बसल्याशिवाय सोडा नाही

आमच्या हिच्या मावसभावाइतका हटवादी माणूस अख्ख्या वऱ्हाडात झाला नाही, हे मी अमरावतीत बसून छातीठोक सांगतो. दारूबंदीच्या दिवसांत अकोल्यात त्याचं सोडा-लेमनचं दुकान होतं, पण ऐट अशी, की जणू विलायती बारच चालवतोय. मोर्शीच्या संत्र्याचा रस, लिंबू, काळं मीठ असं काहीबाही मिसळून तो गिऱ्हाइकाचा चेहरा बघून पेला भरायचा. "भाऊजी, तुमी घरी भांडून आले. तुमाले खारा," असं त्यानं मला चार लोकांत सांगितलं. खरं होतं, म्हणून तर राग आला! लग्नाचं विचारलं तर म्हणे, "मले पायजे ते लग्न लावणारा भटजी अजून पैदा झाला नाही." त्याची आई, म्हणजे हिच्या मावशी, हे ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या.

दुकानाचा कायदा एकच. गिऱ्हाईक बाकावर बसल्याशिवाय हा बाटलीची गोळी दाबायचा नाही. "बसा. उभ्यानं ढोरं पेतात." बाजारात टाळ्या वाजवत फिरणारी हिजडा गुलाबबाई आली, की लोक तिला लांबूनच वाटेला लावत. तीही बिचारी सवयीनं उभ्यानंच सोडा मागे. हा बाटली धरून ढिम्म उभा. अखेर ती बसे, शेजारचे वकीलसाहेब ताडकन उठून जात आणि हा त्यांचा उरलेला सोडा खुशाल मोरीत ओती. एका खोलीत जोडप्यासारखे राहतात म्हणून गावानं वाळीत टाकलेले दोन कारकूनही तिथंच येत. त्यांना खोली यानंच मिळवून दिली होती. गुलाबबाईला ताप आला तर टांग्यातून दवाखान्यात नेणाराही हाच. "आग लाव त्या बाकाले!" म्हणून मावशी ओरडायच्या.

एका दुपारी हातात बाटली असतानाच तो कोसळला, आणि संपला. चाळिशीही गाठली नव्हती हो!

तिसऱ्या दिवशी आम्ही अकोल्याला बसायला गेलो. आमच्याकडे दुखवट्याला जाणं म्हणजे बसायला जाणं. ओसरी माणसांनी भरलेली, वकीलसाहेबही होते. तेवढ्यात फाटकाशी गुलाबबाई आणि ते दोघं कारकून येऊन उभे राहिले. स्मशानातूनही त्यांना हाकललं होतं.

"काहून आले? तमाशा करून राहिले का? निंगा!" त्याचा थोरला भाऊ काठी घेऊनच धावला.

गुलाबबाईनं हात जोडले. "मोठे भाऊ, एकडाव रडू द्या त्याच्यासाठी. मंग जाते."

भावाची काठी वर गेली. हिनं माझा दंड घट्ट आवळला. आता डोकं फुटतं की काय!

मावशी आतून आल्या. भिंतीचा आधार घेत फाटकापर्यंत गेल्या. "काठी ठेव," त्या लेकाला म्हणाल्या. "माह्या पोरानं कोणाले उभं ठेवलं नाही कधी." मग गुलाबबाईचा हात धरला. "बस वो माय. बसा रे पोराहो."

तिघंही सतरंजीवर बसले. वकीलसाहेब उठायला लागले, मावशींनी नुसतं पाहिलं, तसे पुन्हा टेकले. आणि गुलाबबाईनं हंबरडा फोडला. तोवर त्या घरात मोठ्यानं कोणी रडलंच नव्हतं. मग आम्ही सगळेच रडलो.

मी अजूनही उभ्यानं सोडा पीत नाही. तसा सोडा आता मिळतो कुठे म्हणा.