रविवारचा फोन

देवगाव फाट्यावर आम्ही तिघे ट्रॅव्हल्सची वाट पाहत उभे होतो. अण्णा, आई आणि मस्कतला निघालेली मी. बस लांबून दिसली तशी अण्णांनी टोपी काढली आणि तिथेच, चहाच्या टपरीसमोर, भज्यांच्या वासात, मोठ्याने प्रार्थना सुरू केली. लोक वळून बघायला लागले. मी एक डोळा मिटला आणि दुसरा बसवर ठेवला. क्लीनर ओरडला, अण्णांची प्रार्थना अजून मुंबईच्या विमानतळापर्यंतही पोचली नव्हती, तोच मी मध्येच "आमेन" म्हणून टाकलं. त्यांनी डोळे उघडले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जा माय. मन ठिकाणावर ठिव."

वालूरला आमची ख्रिस्ती घरं बोटांवर मोजण्याइतकी. अण्णा शिंपी. गावातल्या निम्म्या पोरांचे शाळेचे कपडे त्यांच्या मशीनवर शिवलेले. महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या देवळात प्रभुभोजन असायचं, म्हणजे येशूच्या आठवणीत ताटलीतून फिरणाऱ्या भाकरीचा एकेक तुकडा प्रत्येकानं घ्यायचा. देऊळ म्हणजे आमचं, क्रूस असलेलं. आम्ही त्याला देऊळच म्हणतो. प्रभुभोजनाच्या आदल्या संध्याकाळी अण्णा आम्हाला समोर बसवून झडती घ्यायचे. खिशांची नाही, मनाची. "ह्या हप्त्यात मन कुठं होतं?" खरं सांगावं लागे. आईचं शेजारणीशी बिनसलेलं असलं तर ती तशीच उठून तिच्या दारात जायची आणि बोलूनच परत यायची. दहावीत असताना माझं मन मैत्रिणीच्या नव्या सँडलांवर होतं, तेही दिवसरात्र. अण्णा म्हणाले, "मग उद्या भाकर घिऊ नगं. न घेन्यात लाज न्हाई, खोटं घेन्यात हाय." दुसऱ्या दिवशी ताटली माझ्या पुढून गेली आणि सगळ्या देवळानं पाहिलं. मी आठवडाभर त्यांच्याशी धड बोलले नाही.

मग नर्सिंग झालं आणि मस्कतला नोकरी लागली. इथे सुट्टी शुक्रवारी, म्हणून उपासनाही शुक्रवारी. एकाच आवारात कितीतरी भाषांच्या मंडळ्या. आम्हा मराठी लोकांना हॉल ठरलेल्या वेळापुरता मिळतो आणि शेवटचं गीत चालू असतानाच पुढची मंडळी दाराशी चुळबुळायला लागते. झडती घेणारं कुणी नाही. नाइट ड्यूटी करून यायचं, तोंड धुवायचं, भाकर घ्यायची, झोपायला पळायचं. रविवार हा इथे कामाचा पहिला दिवस. त्याचं देवाशी काही नातं होतं हे मी कधी विसरले ते मलाच कळलं नाही.

घरी फोन मात्र रविवारीच करायचे, कारण त्या सकाळी माझ्या वॉर्डात जरा उसंत असते. चहाचा ब्रेक नऊला. आपण गेलेले लोक घरी फोन लावला की केवढं पुण्य केल्याच्या थाटात असतो! मी फोन स्पीकरवर ठेवून बिस्किटं खायची, रोस्टर बघायची, मध्ये मध्ये "हो का" म्हणायची. अण्णा पहिल्या रिंगला उचलायचे आणि फार हळू बोलायचे. मी वैतागून म्हणायची, "अण्णा, मोठ्यानं बोला की." मग ते मोठ्यानं बोलायचे.

गेल्या सुट्टीत गावी गेले तेव्हा नेमका पहिला रविवार आला. पूर्वी ढोलकी घेऊन सगळ्यांच्या पुढे बसणारे अण्णा दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसले. मला वाटलं, गुडघे दुखत असतील. भाकरीची ताटली आली. त्यांनी घेतली नाही, माझ्याकडे सरकवली. उपासना चालवणाऱ्या पाळकांनीही काही विचारलं नाही, म्हणजे हे सवयीचं झालेलं होतं. मी माझा तुकडा घेतला.

घरी आल्यावर आईला चुलीपाशी गाठलं. "अण्णांचं कुणाशी बिनसलंय?"

"कुनाशीच न्हाई," आई म्हणाली. "तुझा फोन त्याच येळंला येतो की. साडेधा वाजले की ह्यांचा हात खिशावर. रिंग वाजायच्या आधीच भायेर. आज तू बाजूला बसलीस तरी हात खिशावर गेलाच."

मस्कतचे नऊ म्हणजे इथले साडेदहा, म्हणजे उपासना ऐन भरात. हे शाळेतल्या पोरालाही कळलं असतं. मला तीन वर्षं कळलं नव्हतं.

"मला सांगायचं न्हाई का?" मी अण्णांना म्हणाले. आवाज चढलाच.

"तुला तेवढाच येळ गावतो," ते म्हणाले. "म्हनलं, त्योबी गेला तर? पर कान फोनाकडं आन हात भाकरीकडं, हे मला जमंना. देवाला फसवायलो का आपन?"

खरं सांगते, मला त्यांचा भयंकर राग आला. एवढं काटेकोर राहून कुणाचं भलं होतं? फोन बंद ठेवायचा, भाकर घ्यायची, मोकळं व्हायचं, सगळं जग तसंच करतं. बराच वेळ मनातल्या मनात त्यांना बोलत राहिले.

परत आल्यावर फोन शनिवारी संध्याकाळी ठरवला. काही दिवस नेमानं केला. मग शिफ्ट बदलली, एक शनिवार राहिला, मग आणखी एक. आईला विचारलं, "आता तरी घेतात ना अण्णा?" ती म्हणाली, "न्हाई. आधी मन साडेधाला जायचं. आता शनवारपासनंच जायलंय."

तुम्ही जे तिथे राहिलात, त्यांनी आम्हाला वरचेवर विचारू नका की घराची आठवण येते का. येते, ब्रेकमध्ये. आणि माझ्यासारखे निघून आलेले, तुम्हाला तर सांगायलाच नको.

परवाच्या शुक्रवारी ताटली माझ्यापुढे आली. माझं मन दुपारच्या झोपेत होतं आणि थोडं वॉर्ड बदलून मिळण्याच्या काळजीत. ताटलीत नव्हतं, वालूरलाही नव्हतं. अण्णांच्या झडतीत मी तिथल्या तिथे सापडले असते. दोन्ही बाजूंना ओळखीच्या बायका बसलेल्या, काय म्हणतील, म्हणून हात पुढे केला आणि घेतली. घर म्हणजे आता मला एवढंच कळतं. जी भाकर मी सोडायला हवी, ती तिथे माझे वडील सोडतात.