हृदय पुन्हा चालू झाल्यावर

माझे पती चंद्रपूरजवळच्या मूल गावात हायस्कुलात गणित शिकवायचे आणि मी तिथल्याच प्राथमिक शाळेत होते. एकोणीसशे ऐंशीनंतरच्या एका हिवाळ्यात फळ्यासमोर उभे असतानाच त्यांच्या छातीत कळ आली. कुणीतरी राइस मिलची जीप मागून आणली आणि आम्ही त्यांना चंद्रपूरला नेलं. दवाखान्यात खाटेवर निजवतात न निजवतात तोच त्यांचं हृदय बंद पडलं. एक तरुण डॉक्टर दोन्ही हातांनी त्यांची छाती दाबू लागले, मग विजेचे झटके दिले. मला बाहेर काढलं होतं, पण दार लोटायचं राहून गेलं होतं. हृदय पुन्हा चालू झालं. "नशीबवान आहात बाई," नर्स म्हणाली, आणि मला ते पटलं.

छाती दाबताना मोडलेल्या बरगड्या जुळल्या. बाकीचं जुळलं नाही; हृदय बंद होतं तेवढ्यात मेंदूला इजा झाली होती. आधी हे तापट आणि तितकेच थट्टेखोर. भाजीत मीठ कमी पडलं तरी घर डोक्यावर घ्यायचे. आता फार सभ्य झाले. सगळं गाव मला बाई म्हणायचं, तसं हेही म्हणू लागले. "बाई, चाय भेटंन का?" मी कोण, हे त्यांना कधी कळायचं, कधी नाही. आई कुठं आहे म्हणून रोज विचारायचे. सासूबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली होती. खरं सांगितलं तर ओक्साबोक्शी रडले. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, पुन्हा तसेच रडले. मग मी "गावाले गेल्या" म्हणू लागले. मुलांना खोटं बोलू नका म्हणून शिकवणारी मी.

वर्षभरानं तेच डॉक्टर एसटीनं मूलला आले. ते संशोधन करत होते. हृदय बंद पडून पुन्हा चालू झालेली माणसं घरी कशी जगतात, हे त्यांना पाहायचं होतं. अशी माणसं फार थोडी, म्हणून प्रत्येकाच्या घरी ते स्वतः जात. बोलतात का? चालतात का? हातानं जेवतात का? सगळ्यांना मी होय म्हटलं. ते खरंही होतं.

"फार छान," डॉक्टर म्हणाले. त्यांचा चेहरा इतका उजळला की पुढचं माझ्या तोंडून निघेना.

मग त्यांनी उशी मागितली आणि पुन्हा तसं झालं तर छाती कशी दाबायची ते मला करून दाखवलं. मी उशीवर हात टेकले. हे बाजेवर बसून बघत होते. एकाएकी म्हणाले, "माह्यावर नका करू हे. दुखते."

डॉक्टर हसले. "सर, तेव्हा तुम्ही बेशुद्ध होता. दुखेल कसं?"

"मंग दुखलं ना," हे म्हणाले. "नाई पायजे मले."

डॉक्टर गेल्यावर मी त्यांच्याजवळ बसले. "नाई पायजे म्हणाले ते काऊन?"

"कोणाले म्हणलो?" त्यांना डॉक्टर आल्याचंही आठवत नव्हतं. आता ते बोलणं धरायचं की सोडायचं, हे मी कुणाला विचारणार होते?

उन्हाळ्याच्या तोंडावर हे अंगणात पाय धुता धुता खाली बसले आणि आडवे झाले. मी ओरडले. शेजारचे, तलावावर मासेमारी करणारे भाऊ जाळं टाकून धावत आले. श्वास नव्हता. मी गुडघ्यांवर बसले, आणि "दुखते" हा शब्द स्पष्ट ऐकू आला. तरी हात छातीवर गेले. मी दाबत राहिले. तळव्याखाली काहीतरी कडकन मोडलं, तरी दाबत राहिले. शेवटी भाऊंनी माझे खांदे धरले. "सोडा बाई आता. गेले सर."

काही महिन्यांनी डॉक्टर परत आले. ऐकून त्यांनी हातातली वही मिटली. मग म्हणाले, "तुम्ही केलं ते बरोबरच होतं."

"बरोबर-चूक नाही विचारत मी," मी म्हटलं. "ते नको म्हणाले होते, ते तुम्ही कुठं लिहिलं?"

"तसा प्रश्नच नाही आमच्याकडे." त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "कोरपन्याला एक बाई आहे. तिचा नवरा असाच वाचलाय. ती माझ्याशी बोलत नाही. तुम्ही याल?"

मी गेले. कापसाच्या शेताला लागून घर होतं. नवरा ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हात जोडत होता. डॉक्टर त्याच्यापाशी थांबले. आत ती बाई चुलीपुढं बसली होती, माझ्याहून लहान. माझ्या घरी काय घडलं ते मी सांगू लागले. सासूबाईंच्या खोट्यापाशी आले तेव्हा तिनं पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं.

"आता कसे हायेत तुमचे?"

"गेले."

तिनं लाकूड आत सारलं. मग दाराकडे बघत हळूच विचारलं, "तुमाले झोप लागते आता?"

खोटं बोलता आलं असतं.

"लागते," मी म्हणाले.

बाहेर तिचा नवरा डॉक्टरांना त्यांचं गाव कोणतं ते पुन्हा विचारत होता.