पद्माकर टिपणीसांनी तपासलेली हवा

पद्माकर टिपणीसांनी केंद्र सरकारच्या दक्षता खात्यात चौतीस वर्षं काढली आणि निवृत्त होताना बाकी सगळं तिथंच ठेवून संशय तेवढा घरी आणला. मयूर विहारच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये गॅसचं सिलिंडर ताणकाट्याला लावल्याशिवाय आत येत नसे. लेकीने, रुचिताने, पसंत केलेल्या मुलाचं नाव सांगितलं, तर यांनी आधी त्याच्या ऑफिसात फोन लावला. संशयाला औषध नाही, हे हेमलताबाई लग्नापासून ऐकवत होत्या.

नोव्हेंबरात सोसायटीच्या फाटकावर हवेच्या प्रदूषणाचा आकडा दाखवणारा बोर्ड लागला. हेमलताबाईंना दमा. आकडा दीडशेच्या वर गेला की घराबाहेर पडायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. सकाळची बागेतली फेरी हे त्यांचं एवढंसं सुख. सगळी दिल्ली धुरात बुडालेली आणि यांच्याच फाटकावर एकशे अठरा! कुठेतरी पाणी मुरतंय, पद्माकररावांनी ताडलं. सोसायटीचे सेक्रेटरी बत्रांना दोन फ्लॅट विकायचे होते, आणि चांगल्या हवेला भाव जास्त.

हवा मोजणारं यंत्र गच्चीवर होतं आणि त्याचे आकडे ते बनवणाऱ्या कंपनीकडे जाऊन तिथून बोर्डावर येत.

"बाबा, एपीआय आहे त्यांचं," दिल्लीतल्याच द्वारका भागातून रुचिता फोनवर म्हणाली, "आपला प्रोग्रॅम त्यांच्या सर्व्हरला डायरेक्ट विचारतो. प्रोग्रॅम पायथन भाषेत लिहायचा, त्याची रेडिमेड लायब्ररीपण आहे. मी संडेला येऊन लावून देते, चलो?"

"नको. मधे माणूस नको."

पोटच्या पोरीलाही सूट नाही! मग स्वतःच बसले. लॅपटॉपवर पायथन घातलं, लायब्ररी उतरवली, नाव नोंदवलं. ओळख पटवणारी की, म्हणजे एक लांबलचक अक्षरमाळ, ईमेलने आली, तर पाठवणाऱ्याचा पत्ता त्यांनी भिंगाखाली वाचला. की प्रोग्रॅममध्ये उघडी लिहू नका, वेगळी ठेवा, असं कंपनीच्या पानावर होतं. ते वाचून त्यांना जन्मात पहिल्यांदा कॉम्प्युटर आपल्या खात्यातला वाटला. बाकीची सेटिंग त्यांनी पानावरच्या नमुन्यातून अक्षरन् अक्षर उतरवली. मूळ कागदात फेरफार करायचा नाही, हा त्यांचा नेम. एकदा कंस राहिला म्हणून एरर आला, एकदा कीच्या शेवटी स्पेस पडली म्हणून. तिसऱ्यांदा आकडा उमटला. एकशे अठरा.

दोन वेगळ्या वाटांनी आलेली साक्ष जुळली की प्रकरण बंद, हे तर नोकरीभर केलेलं. "जा तू बिनधास्त," त्यांनी बायकोला सांगितलं. पुढेही आकडा रोज थोडा हलायचा, पण बोर्ड आणि लॅपटॉप तंतोतंत जुळायचे.

चौथ्या दिवशी हेमलताबाई म्हणाल्या, "अहो, डोळे चुरचुरतात. जिन्यात दम लागतो मला."

"मनाचे खेळ. मी स्वतः तपासलंय ना!"

"हातच्या काकणाला आरसा कशाला? खिडकीतून बघा की."

पण यांनी लॅपटॉप पुढे केला आणि त्या चपला घालून फेरीला गेल्या.

सहाव्या दिवशी शेजारणीने त्यांना धरून आणलं. ओठ निळसर पडलेले. डॉक्टर आले, नेब्युलायझर लागला, तासाभराने श्वास सुरळीत झाला. रुचिता धावत आली होती. आई जरा शांत झाल्यावर तिने बाहेर येऊन लॅपटॉप उघडला.

"बाबा, इथे सँडबॉक्स का लिहिलंय?"

"पानावर तसंच होतं."

"तो नमुना आहे, बाबा! हा टेस्टिंगचा सर्व्हर. इथले आकडे खरे नसतात, सरावासाठी बनवलेले असतात. बोर्ड लावणाऱ्यानेही हेच पान कॉपी केलेलं दिसतंय, यार."

एकाच खोट्या कागदाच्या दोन नकला! खात्यात कुणी अशी साक्ष समोर ठेवली असती, तर टिपणीसांनी त्याला सोलून काढलं असतं. रुचिताने तो एक शब्द बदलला. चारशे बारा.

ते आतल्या खोलीत गेले. लाज वाटत होती, आणि लाजेहून जास्त भीती.

"बत्रांनी काही केलं नव्हतं," ते म्हणाले. "आकडाच खोटा होता. चूक माझी."

हेमलताबाईंनी तोंडावरचा मास्क बाजूला केला.

"आकड्याचं जाऊ द्या. उभ्या जगावर संशय घेतलात, मी सोसलं. पण दम लागतोय म्हणून सांगितलं, तर तुम्ही मलाच खोटं पाडलंत."