बुद्धघोष ड्रायव्हरचा डावा पाय

लासुर्ण्यात रोज सकाळी साडेनऊला एक स्कूटी कालव्याच्या रस्त्याला लागायची. पुढं ज्योत्स्नाबाई, शेजारच्या वस्तीवरच्या अंगणवाडीच्या सेविका. मागं त्यांचा नवरा बुद्धघोष, मांडीवर रजिस्टरांची पिशवी धरून. तो बायकोला अंगणवाडीत ‘सोडायला’ जायचा, म्हणजे तीच त्याला न्यायची आणि तो चालत परत यायचा. नवख्या माणसाला यात काही वाटलं नसतं. पण मागं बसलेल्या या गृहस्थानं एकोणतीस वर्षं बारामती-इंदापूर एसटी चालवली हे ज्यांना ठाऊक होतं, त्यांना हसू आवरायचं नाही. पुलाजवळ गेणबाचं सायकलचं दुकान. तिथून गेणबा रोज न चुकता विचारायचा, “डायवरसाहेब, डबल बेल देऊ का?”

बुद्धघोष मान खाली घालून हसायचा. कंडक्टरनं डबल बेल दिली की गाडी सोडायची ती ड्रायव्हरनं, आणि हा तर मागं बसलेला.

एके काळी याच माणसाची ऐट बघण्यासारखी होती. लासुर्ण्याच्या थांब्यावर लिंबाखाली कुशाबाई भाजीची पाटी घेऊन उभी राहायची. सत्तरीला टेकलेली बाई, गुडघे दुखणारे. बुद्धघोषाची गाडी आली की दार बरोब्बर तिच्यासमोर थांबायचं, ना वीतभर पुढं ना वीतभर मागं. तिनं पाय उचलायचा आणि थेट पायरीवर ठेवायचा. या एका गोष्टीचा त्याला जेवढा अभिमान होता तेवढा कशाचाच नव्हता. डेपोत नवा ड्रायव्हर आला की तो मुद्दाम हा विषय काढायचा, आणि जुने ड्रायव्हर हळूच उठून चहाला जायचे.

आणि मग दोन वर्षांपूर्वी बाजाराच्या दिवशी त्याचा पाय उशिरा पडला. किती उशिरा? डोळ्याचं पातं लवायला लागतो तेवढाच. कुशाबाई मागं सरली, पण खाली ठेवलेली पाटी चाकाखाली गेली. तिच्या पातळावर लाल रस उडाला, आणि वरून बघणाऱ्या बुद्धघोषाला तो टोमॅटोचा वाटला नाही. तेवढ्या दोन क्षणांत हा माणूस म्हातारा झाला.

कुणी तक्रार केली नाही. कुशाबाई “असू दे रं” म्हणाली आणि रिकाम्या हातानं घरी गेली. डॉक्टरांनी पाय तपासला, डोळे तपासले, साखर तपासली. सगळं ठणठणीत. खरं काय झालं ते फक्त बुद्धघोषाला कळलं होतं: त्या दिवशी तो बघतच नव्हता. इतकी वर्षं तिथं थांबून थांबून तो सवयीनं थांबायला लागला होता, आणि सवय त्या दिवशी जरा डुलकी घेत होती. त्यानं स्वतः अर्ज करून वर्कशॉपात काम मागून घेतलं, उरलेलं दीड वर्ष तिथंच काढलं आणि रिटायर झाला. ज्योत्स्नाबाईंना एवढंच म्हणाला, “माझा पाय आता माझा राहिला न्हाय.” त्यानंतर त्यानं स्कूटीसुद्धा चालवली नाही. थांब्यावरचा रस्ताही सोडला. कुशाबाई दिसू नये म्हणून कुठंही जायचं तर कालव्यावरून वळसा घालायचा.

जानेवारीत विजयसिंह घरी आले. गावाजवळ लहान मुलांची एक शाळा निघाली होती, तिचं सगळं तेच बघायचे. जूनपासून शाळेची गाडी सुरू होणार होती.

“लेकरं न्यायची हायेत,” विजयसिंह म्हणाले. “तुमच्यासारखा मानूस पायजे. मार्चअखेर सांगा, न्हायतर मग मला दुसरा बघावा लागंल.”

बुद्धघोषाच्या तोंडात ‘हो’ तयार होता. रिकामं बसून तो कंटाळून गेला होता. पहाटे चारला जाग यायची आणि मग दिवसभर काय करायचं हा प्रश्न. गाडी, घंटा, दारात चढणारी माणसं, हे सगळं त्याला परत हवं होतं. पण त्याला ती पाटी आठवली. पाटीच्या जागी लेकरू आलं तर? “बघतो, कळवतो,” असं म्हणून त्यानं चहा पुढं केला.

हे ज्योत्स्नाबाईंनी मुलीच्या कानावर घातलं. प्रियदर्शनी बारामतीत एका कंपनीत नोकरीला. सायकलचं वेड भारी. दर रविवारी सायकलवर लासुर्ण्याला यायची, तीसेक किलोमीटर, आणि वर आईला म्हणायची, भूक लागली. त्या रविवारी तिनं आपली सायकल बापापुढं उभी केली.

“पप्पा, ही आता हितंच ठेवते. मी घरातली जुनी नेते. तुमी ही चालवून बघा.”

बुद्धघोषानं ड्रायव्हरच्या नजरेनं गाडी न्याहाळली. “मागचा ब्रेक कुठाय?”

“न्हाय. पुढं एक हाय, तो आईनं शपथ घातली म्हणून. अडीअडचणीला वापरायचा. हिचं चाक आणि पायडल एकमेकाला बांधलेलं असतं. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार, तुमी दमला तरी. मधे नुसतं बसून राहायची सोय न्हाय. आणि थांबायचं ते पायानं.”

पोरगी शहाणी. शेवटचं वाक्य तिनं जरा सावकाश म्हटलं.

पहिल्या दिवशी बुद्धघोष अंगणातून निघाला, वीस पावलं गेला आणि आयुष्यभराच्या सवयीप्रमाणे पाय मारायचे थांबवले. सायकल थांबली नाही. पायडलानं त्याला खालून असं उचललं की सीटवरून उठून तो हँडलवर आला, आणि तिथून जास्वंदीत. ज्योत्स्नाबाई धावत आल्या. जास्वंदीतून आवाज आला, “काय झालं न्हाय. हिला डुलकी चालत न्हाय एवढं कळलं.”

मग तो हट्टाला पेटला. गेणबाकडून जुन्या ट्यूबचे पट्टे कापून घेतले, पाय पायडलावर घट्ट राहावेत म्हणून. प्रियदर्शनीनं थांबायची रीत सांगितली होती: अंग पुढं हँडलवर झोकायचं, मागचं चाक हलकं करायचं, दोन्ही पायडल आडवी आली की पाय आवळायचे. मागच्या पायानं खाली रेटायचं, पुढच्या पायानं पट्ट्यातून वर ओढायचं. चाक अडकतं आणि गाडी घसरत घसरत थांबते. ऐकायला सोपं. करायला गेलं की सायकल त्याला फरफटत पुढं न्यायची.

अशात शेजारच्या फडात ऊसतोड सुरू झाली. ट्रेलर जाऊन जाऊन फडाची वाट पाचटानं, उसाच्या वाळल्या पाल्यानं, भरली होती. बुद्धघोष सायकल घेऊन तिथं गेला, पाय आवळले, आणि काय सांगावं, चाक सर्रकन घसरलं! चांगलं दहा हात. त्यानं परत केलं. परत घसरलं. आठवडाभर तो त्या वाटेवर लहान पोरासारखा घसरत होता. चेहऱ्यावर तेज आलं. जेवण वाढलं.

आठव्या दिवशी त्यानं गेणबाच्या दुकानापुढच्या सिमेंटच्या रस्त्यावर खडूनं आडवी रेघ ओढली. चार माणसं जमली.

“गेणबा, बघ आता. रेघंवर थांबवतो.”

लांबून जोरात आला, रुबाबात अंग झोकलं, पाय आवळले. पाचट असतं तर थांबलाही असता. कोरड्या सिमेंटवर चाक अडकलंच नाही, पायांना घेऊन फिरतच राहिलं. रेघ गेली, गेणबा गेला, चार माणसं गेली, पुढच्या ब्रेकची आठवण झाली तेव्हा फार उशीर झाला होता, आणि बुद्धघोष विकायला रचून ठेवलेल्या वाढ्याच्या, उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्यांत कमरेपर्यंत शिरला. तिथं चरणाऱ्या म्हशीनं त्याच्याकडं एकदा बघितलं आणि चरत राहिली.

गेणबा पोट धरून हसला. मग जवळ येऊन त्याच्या डोक्यावरची पानं काढता काढता म्हणाला, “पाचटावर तर बैलगाडीबी घसरती की. त्यात तुमचं काय?”

लागलं नव्हतं, पण त्या रात्री बुद्धघोष जेवला नाही. त्याला वाईट वाटलं ते हसण्याचं नव्हे. पुन्हा एकदा त्यानं न थांबताच थांबल्याचा अभिमान धरला होता, याचं वाटलं. त्यानं सायकल गोठ्यात लावली आणि वर पोतं टाकलं.

रविवारी प्रियदर्शनीनं पोतं काढलं. मागचं चाक हातानं फिरवून बापाला दाखवलं. टायर सगळीकडं धड होतं, फक्त एका जागी पार झिजून आतले दोरे दिसायला लागले होते.

“हे बघा. दर वेळी ह्याच जागेवर घसरलाय.”

“आसं कसं?”

“कारण दर वेळी उजव्याच पायानं रेटता. उजवा मागं येईपर्यंत वाट बघता, मग थांबता. समोर कुणी आलं तर ते वाट बघंल का? डाव्याला शिकवा, पप्पा.”

बुद्धघोष त्या झिजलेल्या जागेवरून किती तरी वेळ अंगठा फिरवत राहिला. एकोणतीस वर्षं ब्रेक उजव्या पायाखाली होता. डाव्या पायाला त्यानं क्लच सोडून कधी काही विचारलंच नव्हतं.

नवं टायर आलं. या वेळी त्यानं पाचटाकडं बघितलं नाही. रोज सकाळी सहाला कोरड्या सिमेंटवर जायचं आणि निम्म्या वेळा डावा पाय मागं ठेवून थांबायचं. पोट हँडलवर टेकेपर्यंत वाकायचं, एकोणसाठाव्या वर्षी. मांड्या भरून यायच्या, रात्री ज्योत्स्नाबाई तेल लावायच्या आणि लावता लावता बोलायच्या. पहिले पंधरा दिवस चाक हूं की चूं करीना. मग एकदा जरासं कुरकुरलं. मग वीतभर घसरलं. फेब्रुवारी सरता सरता रस्त्यावर काळे पट्टे उमटायला लागले, आखूड, वाकडे. गेणबा दुकान उघडताना ते मोजायचा आणि आता डबल बेलचं काही बोलायचा नाही. पण विजयसिंहांना काय सांगायचं, ते अजून ठरत नव्हतं. खडूच्या रेघेवर थांबणं निराळं. रेघ आपण होऊन कधी पुढं येत नाही.

मार्च संपायला दोन दिवस राहिले. सकाळी बुद्धघोष सायकलवर निघाला तर कालव्याच्या रस्त्यावर उसाची ट्रॉली रुतून बसलेली, रस्ता बंद. परत फिरावं की थांब्यावरून जावं? दोन वर्षांत पहिल्यांदा त्यानं थांब्याचा रस्ता धरला. पाय फिरत होते, डोळे रस्त्यावर होते. लिंबाच्या अलीकडं उसानं भरलेला एक ट्रेलर उभा होता. बुद्धघोष त्याच्या कडेला आला आणि ट्रेलरच्या पुढून, डोक्यावर पाटी घेतलेली कुशाबाई रस्त्यात आली.

उजवा पाय पुढं होता. तो मागं यायला वेळ नव्हता.

त्यानं अंग झोकलं आणि डाव्यानं रेटलं. चाक अडकलं, रस्त्यावर लांब खरखर झाली, मागचा भाग जरासा बाजूला गेला, आणि सायकल उभी राहिली. मध्ये दोन हात अंतर होतं. पुढच्या ब्रेकला त्याची बोटं शिवलीही नव्हती.

कुशाबाई जागची हलली नव्हती. पाटीला धरलेला हातही तसाच.

बुद्धघोषानं पट्ट्यातून पाय सोडवून खाली टेकवला. “मावशी, सरायचं न्हाय का मागं?” तो म्हणाला.

“कशाला सरू? तूच हायेस हे दिसलं की मला.”

“त्या दिवशी न्हाय थांबलो मी, मावशी.” दोन वर्षं गळ्यात अडकलेलं वाक्य असं भर रस्त्यात बाहेर पडलं, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं.

कुशाबाईनं पाटी खाली ठेवली. सावकाश, गुडघ्यावर हात टेकून.

“टमाटी गेली, मी राहिले. त्याला थांबला न्हाय म्हंत्यात व्हय?” ती म्हणाली. “माझ्या पुढ्यातनं गाडी न्हेणारे लई बघितले. पन एवढ्यापायी गाडी सोडणारा तूच. दोन वरसं झाली, ते नवं डायवर तिकडं लांब गाडी लावत्यात. पाटी घेऊन पळावं लागतं मला.”

बुद्धघोष डोळे पुसत राहिला.

“आनि आयक. जूनला छकुलीला त्या शाळंत घालायची हाय. विजयसिंह म्हनला, गाडीवर बुद्धघोषाला इचारलंय, त्यानं अजून सांगितलं न्हाय. मी त्याला सांगून ठेवलंय, तो आला तर माझी नात गाडीत बसंल, न्हायतर मी तिला हाताला धरून चालत न्हेईन. माझे गुडघे तुला ठावं हायेत.”

बुद्धघोषानं पाटी उचलून तिच्या डोक्यावर दिली. “येतो म्हणून सांगा मावशी,” तो म्हणाला. मग लगेच म्हणाला, “नको, मीच जाऊन सांगतो.”

विजयसिंहांच्या दारातून तो घरी आला तेव्हा साडेनऊ वाजत आले होते. ज्योत्स्नाबाई रजिस्टरांची पिशवी घेऊन स्कूटीपाशी उभ्या होत्या, चावी हातात. त्यांनी नवऱ्याचे लाल डोळे बघितले आणि काही विचारणार तेवढ्यात त्यानं हात पुढं केला. त्यांनी क्षणभर त्या हाताकडं पाहिलं. मग चावी त्यावर ठेवली, पिशवी मांडीवर घेतली आणि मागं बसल्या.

पुलाजवळ गेणबा दुकानाच्या पायरीवर उभा होता. त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. मग दारात दुरुस्तीला आलेल्या एका सायकलची घंटी दोनदा वाजवली.