सहाव्या वाक्यातली शांती

सरांनी फळ्यावर 'टेक' लिहिलं. एकाच क्रियापदाचे सहा अर्थ, खाली सहा वाक्यं. सुहास चहा घेतो. मंजिरी फोटो काढते. विनायक परीक्षा देतो. पाच वाक्यांत गावातल्या पोरांची नावं. सहाव्यात शांती. 'शांती टेक्स अवर कॉटन.'

"तांड्यावरच्यांना हा अर्थ शिकवावा लागत नाही," सर म्हणाले.

वर्ग हसला. नव्वदच्या दशकातली गोष्ट. शांती माझ्या काकाची पोरगी. तांड्यावरून कळमनुरीच्या शाळेत आम्ही दोघंच यायचो. सरांनी अर्थ सांगायला मलाच उभं केलं. इंग्रजीत मी पहिला.

त्याच आठवड्यात आम्ही सरांच्या शेतात सरवा वेचला होता. वेचणी झाल्यावर झाडाला जे राहतं ते वेचणाऱ्याचं, ही रीत. सरांच्या आईनं स्वतः बोलावलं होतं. शांतीच्या ओटीतला निम्मा कापूस माझा होता.

मी म्हणालो, "शांती आमचा कापूस चोरते."

आमचा. असंच म्हणालो.

"शाबास."

शांतीनं फक्त माझ्याकडं पाहिलं. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. पुढं कधीच नाही. काकानं विचारलं तेव्हा मी सांगितलं, तिला अभ्यास झेपत नाही.

मी वसमतला इंग्रजीचा मास्तर झालो. तीच सहा वाक्यं शिकवली. सहाव्यात दरसाल मागच्या बाकावरचं एखादं नाव. वर्ग दुसऱ्याला हसत असला की माझ्याकडं बघत नाही, एवढंच मला कळत होतं.

एका वर्षी सहाव्या वाक्यात जिचं नाव होतं, त्या पोरीनं वही मिटली. "मी न्हाई वाचणार, सर."

मी छडी उचलली. तिनं हात पुढं केला.

"मारा. पण सोताला चोर काहून म्हणू?"

माझा हात खाली आला. हे मला तेराव्या वर्षी बोलता आलं असतं. बोललो नाही. मी फळा पुसला.

त्या रविवारी डोंगरकडा गावी शांतीच्या सासरी गेलो. ती अंगणात हळद निवडत होती. सगळं सांगितलं. तिनं मान वर केली नाही.

"मला काय सांगून राहिलास? मला ठाऊकच हाय. ज्यायला ठाऊक न्हाई त्यायला सांग."

तेव्हाही मी गप्प बसलो. वर्षं गेली.

सर अजून आहेत. जुन्या विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात पहिल्या खुर्चीत बसतात. औंदा मला बोलायला बोलावलंय. तो सगळा वर्ग समोर असेल. सांगणार आहे: कापूस रीतीचा होता, दोघांचा होता. सरांनी खोटं लिहिलं, मी खोटं वाचलं. माईक काढून घेतला तर ओरडून सांगीन.