डबीतला कापूस

सीमेजवळच्या सरकारी दवाखान्यात एचआयव्हीच्या गोळ्या घ्यायला मी दर महिन्याला जाते. परवा माझ्या पुढच्या बाईने डबी घेतली, पिशवीतून कापूस काढला आणि डबीत दाबून भरला. मग कानाशी धरून हलवून पाहिली.

"वाजती का बघते. बसमध्ये गावची माणसं असत्यात."

ती कर्नाटकातली. तिकडच्या दवाखान्यात गोळ्या द्यायच्या नोकरीवर तिचा चुलत दीर आला, तेव्हापासून ती नदी ओलांडून इकडे येते. तिकडच्या वहीत मात्र तिने औषध सोडल्याची नोंद झाली आणि चौकशीला माणूस थेट दारात. सासूसमोर. कशीबशी तिने वेळ मारून नेली.

तेवढ्यात आमच्या सिस्टरने तिकडच्या दवाखान्यातल्या सिस्टरला फोन लावला. "अक्का, तुमची बाई आलीय. औषध दिलंय. घरी कुणाला पाठवू नका."

आता दर महिन्याला असा फोन जातो. दोन राज्यांच्या दवाखान्यांनी एकत्र काम करावं म्हणून मोठ्या बैठका होतात म्हणे. होऊ देत. मला विचाराल तर ते काम या एका फोनात होतं.

माझी डबी आली. बाईने उरलेला कापूस पुढे केला. मी हसून नको म्हटलं. माझी डबी मी खुशाल वाजू देते. पण ती वाजू द्यायची, हे माझं मी ठरवलं होतं. माझ्या दारात कुणी येऊन ती वाजवली नव्हती.